कॉलेजची फी पोराने भरायची, बापाने, की साऱ्या गावाने?

लेथवाला_मकरपुरा (धागाकर्ता) | १४ जून, रात्री १०:१२

मंडळी, रविवारी साडूकडे सेव उसळ खायला गेलो आणि भांडून घरी आलो. विषय माझ्या मुलीच्या बी.एस्सी.चा.

झालं असं की बारावीला तिचे टक्के बरे पडले, पण ग्रँटच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या जागांच्या, यादीत ०.६ टक्क्यासाठी राहिली. आता त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत, सेल्फ फायनान्सची तुकडी आहे, म्हणजे अनुदान नाही, खर्च पोरांच्या फीतून. तीच लॅब, तेच ब्यूरेट, शिकवणारे निम्मे सर तेच. ग्रँटवाल्या पोरांची वर्षाची फी माझ्या वर्कशॉपच्या महिन्याभराच्या चहापाण्यात निघते. सेल्फ फायनान्सची भरायला एक मोठं जॉबवर्क यावं लागतं आणि त्याचं पेमेंटही वेळेवर यावं लागतं. (जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांनी धंदा केलाय त्यांना दुसरी अट जास्त कळेल.)

मी नुसतं म्हटलं की शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायला हवा. साडू रिफायनरीतून रिटायर झालेले, इन्कम टॅक्स भरून भरून थकलेले. ताड्कन म्हणाले, "तुझ्या पोरीला डिग्री, तिला पगार, तिचं लग्न चांगल्या घरात, आणि पैसे मी का भरू?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुरसागर तलावाच्या वळणावर सुचलं, पण तोपर्यंत उपयोग नव्हता.

मी स्वतः आयटीआय. कॉलेजची पायरी चढलो नाही. तीस वर्षं कर भरतोय, म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना इंजिनियर केलं. आता माझी पाळी आली तर यादी संपली. तुमचं काय मत? फी शिकणाऱ्याने भरावी की करदात्याने?

रावपुरा_एक्सप्रेस | रात्री १०:१९

आधी हे सांगा, उसळीचे पैसे कोणी दिले? लाभार्थ्याने की करदात्याने?

लेथवाला_मकरपुरा | रात्री १०:२२

साडूने. म्हणूनच तर तासभर ऐकून घेतलं.

पगारदार_अलकापुरी | रात्री १०:४०

मी तुमच्या साडूंच्या बाजूने. राग मानू नका लेथवालेभाऊ.

पगार हातात येण्याआधी टॅक्स कापला जातो, वर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस. माझी दोन मुलं खाजगी शाळेत. म्हणजे माझ्या मुलांची फी मी भरतो आणि दुसऱ्यांच्या मुलांचीही मीच. प्राथमिक शाळा मोफत हवी, मान्य. प्रत्येकाला लिहिता-वाचता यावं यात माझाही फायदा आहे. पण डिग्रीचा फायदा कोणाला? डिग्रीवाल्याला. त्याने कर्ज काढावं, नोकरी लागली की फेडावं. घराचं कर्ज काढतो तेव्हा शेजाऱ्याकडे हप्ता मागतो का आपण?

आयआयटीत २०१६ साली वर्षाची ट्यूशन फी ९० हजारांवरून २ लाख केली. बोंब झाली, पण ज्यांच्या घरची आवक १ लाखाच्या आत त्यांना आणि एससी, एसटी, दिव्यांग मुलांना पूर्ण माफी, आणि १ ते ५ लाखवाल्यांना दोनतृतीयांश माफी. मला हे बरोबर वाटतं. ज्याला परवडतं त्याने भरावं.

वाडीतली_मंजू | रात्री १०:५८

पगारदारदादा, टॅक्स फक्त फॉर्म १६ वाले भरतात हा समज सोडा ने. आमच्या सोसायटीचा वॉचमन मोबाईलचं रिचार्ज करतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. तुम्ही करता त्यावरही १८. त्याचा पोरगा कॉलेजात गेलेला नाही, बहुतेक जाणारही नाही. म्हणजे तुमच्या मुलांनी पुढे सरकारी कॉलेजात ॲडमिशन घेतली तर त्यांच्या लॅबच्या गॅसचे पैसे तो पण भरतोय. त्याला विचारलंय कोणी?

पगारदार_अलकापुरी | रात्री ११:०३

ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. वॉचमनच्या रिचार्जमधून माझ्या पोराने का शिकायचं?

वाडीतली_मंजू | रात्री ११:०५

नाही. माझा मुद्दा हा की वॉचमनच्या पोराने पण शिकायचं.

निवृत्त_शाखाधिकारी | १५ जून, सकाळी ७:३०

रात्रीत बराच दंगा झालेला दिसतो. मी सदतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा वर्षं एज्युकेशन लोनच्या टेबलाच्या आसपास. म्हणून पगारदार यांच्या 'कर्ज काढावं, फेडावं' या वाक्याबद्दल थोडं.

४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. ७.५ लाखांपर्यंत सरकारी हमीची योजना आहे. कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. कागदावर फार छान. पण त्या काळात व्याज थांबत नाही, ते साठत राहतं. केंद्राच्या व्याजसवलतीसाठी आवक ४.५ लाखांच्या आत हवी आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा. साधं बी.एस्सी., बी.ए. त्यात बसत नाही. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी आली, तिच्यात ८ लाखांपर्यंत आवक असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सूट, पण निवडक संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तरच. आणि आयकरात या व्याजाची वजावट मिळते ती जुन्या करपद्धतीत. नवी पद्धत घेतली की ती गेली.

आता घरकर्जाशी तुलना. घरकर्ज बुडालं तर बँक घर विकते. डिग्री विकता येते का? म्हणून बँक बापाची सही घेते. मुलगा कर्जदार, बाप सहकर्जदार. एक प्रसंग सांगतो. एका खाजगी कॉलेजातून मेकॅनिकल करून मुलगा बाहेर पडला, नोकरी लागली १४ हजारांची. हप्ता ७,८०० चा. तो दर महिन्याला काउंटरवर येऊन रोख भरायचा, खात्यातून कापू द्यायचा नाही. का, तर खात्यात पैसे दिसले की घरातलं दुसरं कोणीतरी काढून घेई. अकरा महिने आला. बाराव्या महिन्यात वडील आले. रिक्षा चालवायचे. खिशातून रबर लावलेली दहा-वीसच्या नोटांची गड्डी काढली आणि म्हणाले, साहेब, मोजून घ्या, एक नोट फाटकी आहे, ती बदलून देतो.

शिकणाऱ्याने भरावं म्हणता तेव्हा भरतो हा माणूस.

रावपुरा_एक्सप्रेस | सकाळी ७:५१

काका, सकाळी सकाळी असं लिहू नका हो.

कोठीवरची_आजी | सकाळी ९:१४

बडोद्यात बसून हा प्रश्न विचारताय आणि कोणी सयाजीरावांचं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेते.

१८८१ ला बडोदा कॉलेज सुरू झालं. घुमटाची ती इमारत, जिच्यासमोर आता सगळे सेल्फी काढतात. १८९० ला कलाभवन निघालं, रसायनशास्त्राच्या गज्जर सरांच्या देखरेखीखाली, कारागिरांच्या मुलांना आपल्या भाषेत रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम शिकवायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९०६ ला सगळ्या राज्यात. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होत असे. आणि आपली एम.एस. युनिव्हर्सिटी कधी झाली? ३० एप्रिल १९४९. दुसऱ्याच दिवशी, १ मे ला, बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं. एका दिवसाच्या अंतराने! हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. माझ्या आईच्या पदवीच्या कागदावर त्यांची सही आहे, तो कागद आम्ही काच लावून ठेवलाय.

महाराजांनी शाळेची फी मागितली असती तर आमच्या घरात तो कागद आला नसता.

पगारदार_अलकापुरी | सकाळी ९:४०

आजी, नमस्कार. पण महाराजांनी पैसे कुठून दिले? गायकवाडांच्या तिजोरीत ते आले शेतसाऱ्यातून. पाटण-विसनगरच्या कुणब्याने सारा भरला आणि बडोद्याच्या वकिलाची मुलं कॉलेजात गेली. आपण महाराजांची आरती करतो, पण तेही करदात्याचेच पैसे होते.

कोठीवरची_आजी | सकाळी १०:०५

बरोबर बोललास बाळा. मी तेच सांगतेय. तेव्हाही करदातेच देत होते. फक्त तेव्हा राजाला माहीत होतं की ते कशाला घेतोय.

आणि फुकट म्हणजे बिनअटीचं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याने आधी एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिन्याची मदत दिली, मग १९१३ ला कोलंबियाला पाठवलं, तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. करार होता की परत येऊन दहा वर्षं राज्याची नोकरी करायची. ते आले १९१७ ला, कराराप्रमाणे. आणि या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. कामाटी बागेत झाडाखाली बसले होते, ती संकल्पभूमी. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांत संपली.

आता हिशोब कर. बडोद्याच्या करदात्याचे पैसे वसूल झाले का?

वाडीतली_मंजू | सकाळी १०:११

आजी 🙏

गोत्री_आई | दुपारी १:२०

बाँडचा, म्हणजे शिकून झाल्यावर नोकरी करायच्या कराराचा, विषय निघालाच आहे तर मेडिकलचं बोलते. माझा मुलगा जीएमईआरएसच्या (गुजरात सरकारच्या सोसायटीची मेडिकल कॉलेजं) रांगेत होता त्या वर्षी, २०२४ ला, ऐन ॲडमिशनच्या तोंडावर सरकारी कोट्याची फी ३.३० लाखांवरून ५.५० लाख केली. वर्षाची हं. मॅनेजमेंट कोटा ९ वरून १७. पालक रस्त्यावर उतरले, मग कमी करून ३.७५ आणि १२ वर आणली. आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. नंतर रात्री लक्षात आलं की फी वाढलीच आहे आणि आम्ही पेढे कसले वाटतोय!

सरकार फी घेणार असेल तर बाँड कशाला, आणि बाँड घेणार असेल तर एवढी फी कशाला? दोन्हीकडून कापायचं हे कोणतं गणित?

लेस्टरकर | दुपारी ३:४५ (इथे सकाळ)

जन्म बाबाजीपुऱ्यातला, गेली बावीस वर्षं लेस्टरला. पगारदारभाई म्हणतात ते मॉडेल इंग्लंडने करून पाहिलंय म्हणून लिहितो.

इथे १९९८ पर्यंत ट्यूशन फी नव्हती. त्या वर्षी १,००० पौंड लावली. 'एवढीच तर आहे' म्हणून. २००६ ला ३,०००. २०१२ ला ९,०००. २०२५ ला ९,५३५. सरकार कर्ज देतं आणि पगार ठराविक रकमेच्या वर गेला की वरच्या पगाराच्या ९ टक्के कापून घेतं. माझ्या मुलीच्या वेळची अट अशी की तीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. २०२३ पासूनच्या पोरांना चाळीस वर्षं. म्हणजे ते आजोबा होईपर्यंत कॉलेजची फी भरणार.

मुलगी तीन वर्षं नोकरी करतेय, दर महिन्याला कापलं जातं, आणि मागच्या स्टेटमेंटवर बाकी रक्कम सुरुवातीपेक्षा जास्त. व्याज! तिने मला फोटो पाठवला आणि खाली फक्त हसणारा चेहरा.

पण एक सांगतो, प्रामाणिकपणे. रिक्षावाल्या काकांसारखी गोष्ट इथे होत नाही. बापाची सही नाही, नोकरी गेली की हप्ता आपोआप थांबतो, बँकेचा माणूस दारात येत नाही. आणि शेजारीच स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांना फी नाहीच. एकाच राजाचं राज्य, दोन हिशोब.

रावपुरा_एक्सप्रेस | दुपारी ३:५२

लेस्टरभाई, तुमचं शिक्षण कुठे झालं?

लेस्टरकर | दुपारी ३:५८

एम.एस. युनिव्हर्सिटी. फीची पावती मी एकदा बसच्या तिकिटासारखी खिशात चुरगळून टाकली होती, एवढी ती होती.

रावपुरा_एक्सप्रेस | दुपारी ४:००

म्हणजे शिकलात बडोद्याच्या करावर आणि कर भरता राजा चार्ल्सला. पगारदारभाई, पकडा यांना.

लेस्टरकर | दुपारी ४:०६

गुन्हा कबूल. दर उत्तरायणला येऊन पतंग-मांज्यावर जीएसटी भरतो, तो वळता करून घ्या.

माती_आणि_प्लास्टर | संध्याकाळी ६:३०

मी फाइन आर्ट्सला, शिल्पकला. सगळे फीवरच अडलेत, म्हणून लिहिते. आमची फी हा माझ्या खर्चातला लहान आकडा आहे. गेल्या टर्मला मी एक डोकं केलं. माती फॅकल्टीत मिळते, पण साचा करायला प्लास्टरच्या पाच बॅगा, आर्मेचरची (आतल्या सांगाड्याची) सळई, फायबर रेझिन, हार्डनर, हातमोजे, आणि पहिला साचा फुटला म्हणून परत प्लास्टर. वर फतेगंजात खोली, दोघींत. फी शून्य केली तरी माझ्या बाबांना तितकंच जड राहील.

आणि 'डिग्रीचा फायदा डिग्रीवाल्याला' हे आमच्यापाशी येऊन बोला. शिल्पकाराला बँकेतला कोण कर्ज देईल? कर्जावरच शिकायचं असेल तर सगळे तेच शिकतील ज्यात हप्ता फिटतो. मग संस्कृत, मूर्तिकला, गणित कोण शिकणार? ज्यांचे वडील श्रीमंत आहेत ते.

निवृत्त_शाखाधिकारी | संध्याकाळी ६:५०

बेटा, मी तरी दिलं नसतं. खोटं का बोलू.

लष्करवाला_ग्वाल्हेर | रात्री ८:१५

आमच्या मध्य प्रदेशात २०१७ पासून मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्याच्या बोर्डात बारावीला ७० टक्के, सीबीएसईला ८५, आणि आवकीची मर्यादा. बसलात तर सरकार फी भरतं, खाजगी कॉलेजातली पण. माझ्या भाचीचं इंजिनियरिंग इंदूरला असंच चाललंय. पण ६९ टक्केवाल्याचं काय हे मला अजून कोणी सांगितलं नाही. एका टक्क्यात माणूस मेधावीचा अमेधावी होतो.

बाकी बडोद्याची सेव उसळ ऐकून आहे. आमच्याकडच्या मिसळीला तुम्ही लोक नावं ठेवता म्हणे?

रावपुरा_एक्सप्रेस | रात्री ८:१९

नावं नाही ठेवत, तर्री किती लाल यावर फक्त चर्चा करतो. उसळीची तर्री हाताला रंग देऊन जाते. तुमची?

लष्करवाला_ग्वाल्हेर | रात्री ८:२४

आमची मनाला.

व्यवस्थापक | रात्री ९:०२

तर्रीसाठी वेगळा धागा काढा. दोन प्रतिसाद उडवलेत, कोणाचे ते त्यांना माहीत आहे.

हंगामी_मास्तर | रात्री ११:२०

कॉपी तपासून संपल्या म्हणून आत्ता वाचलं. मी सेल्फ फायनान्सच्या तुकडीला शिकवतो, कॉलेजचं नाव सांगत नाही, नोकरी अकरा महिन्यांची असते आणि जून चालू आहे.

लेथवालेभाऊंनी विचारलंय की एकाच लॅबमध्ये दोन फी कशा. आतून असं दिसतं: एक कायम प्राध्यापक रिटायर होतो, जागा भरली जात नाही. मग कॉलेज म्हणतं ग्रँटच्या जागा वाढवता येत नाहीत, सेल्फ फायनान्सची तुकडी काढू. त्या पोरांच्या फीतून माझ्यासारखा हंगामी घेतात, आणि त्याच फीतून ग्रँटवाल्यांच्या लॅबची केमिकल्सही येतात. तुमची मुलगी फी भरेल ती नुसती स्वतःची नाही, शेजारच्या बाकावरच्याचीही थोडी. करदात्याने हात आखडला की तो भार असा सरकतो, कोणाच्या लक्षात न येता. बडोद्यात 'हायर पेमेंट' (जास्त फीची जागा) हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत आहे तो उगाच नाही.

कोठारी आयोगाने १९६६ ला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या नव्या धोरणात परत ६ टक्केच लिहिलंय. २०१७ मध्ये हेफा काढली, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठांना, आयआयट्यांना इमारतीसाठी अनुदानाऐवजी कर्ज. आता संस्थेने कर्ज घेतलं तर ती फेडणार कुठून?

पगारदारसाहेब, परवडणाऱ्याने भरावं हे मला पटतं. पण परवडणाऱ्याची रेघ कोण मारतो? इथे युवा स्वावलंबन योजनेची रेघ ६ लाख आवक आणि ८० पर्सेंटाइल. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन जण असतात ज्यांची आवक कागदावर रेघेच्या जरा वर असते आणि खिशात फार खाली.

पगारदार_अलकापुरी | १६ जून, सकाळी ८:०५

मास्तर, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो सेल्फ फायनान्स म्हणजे ज्याला जास्त सुविधा हव्यात तो जास्त भरतो. हे तर उलटंच आहे.

मत पूर्ण बदललं असं नाही. माझा मुलगा जाईल तेव्हा त्याची फी मी भरेन, पूर्ण, मला परवडते. पण एकाच बाकावरच्या दोन पोरांकडून दोन दर घेणं हे बरोबर नाही. घ्यायचे तर आवकीप्रमाणे घ्या, यादीत ०.६ टक्क्यावरून नको.

लेथवालेभाऊ, एक विचारायचं राहिलंच. साडूसाहेब स्वतः कुठे शिकले?

लेथवाला_मकरपुरा | सकाळी ८:४०

हेच उत्तर सुरसागरच्या वळणावर सुचलं होतं. साडू कलाभवनचे. एम.एस.ची टेक्नॉलॉजी, केमिकल, ७८ ची बॅच. वडील पोस्टात, पाच भावंडं. काल फोन करून विचारलं, दादा, तुमची फी किती होती हो? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फी आठवत नाही, मेसचं बिल आठवतं. मग म्हणाले, पण आम्ही मार्क पाडले होते. मी म्हटलं, माझ्या पोरीनेही पाडलेत, तुमच्या वेळेला जागा किती होत्या आणि पोरं किती होती ते सांगा. तिथे चहा आला आणि फोन ठेवला.

सगळं हिला वाचून दाखवलं. पोरीने स्वतःच वाचलं होतं, वरचे 'वाडीतली_मंजू' कोण हे तिला माहीत आहे म्हणे, सांगत नाही. ठरलं असं: सेल्फ फायनान्सची जागा धरून ठेवायची, ग्रँटची दुसरी यादी लागली की बघायचं. माझी आवक ६ लाखांच्या जरा वर दिसते, जीएसटीचं टर्नओव्हर आणि कमाई यातला फरक समजावायला सीए लागेल. म्हणून निम्मी फी वर्कशॉपमधून आणि निम्म्यासाठी छोटं लोन, पोरगी स्वतः म्हणतेय की तिच्या नावावर घ्या. शाखाधिकारीकाका, यात माझी सही लागेलच ना?

निवृत्त_शाखाधिकारी | सकाळी ९:१०

लागेल. बारावीची मार्कशीट, प्रवेशाचं पत्र, फीचं स्ट्रक्चर कॉलेजच्या लेटरहेडवर आणि तुमचे दोन वर्षांचे रिटर्न, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. आणि सोमवारी अकराच्या आधी जाऊ नका, सर्व्हर उठत नाही.